बंद मदरबोर्ड आणि एक शॉर्ट कपॅसिटर

ताईचा लॅपटॉप अचानक बंद पडला. पॉवरचं बटण दाबून काही नाही, आणि चार्जर जोडला की चार्जरवरचाच दिवा विझायचा. ही खूण महत्त्वाची. मदरबोर्डावर कुठेतरी शॉर्ट, म्हणजे वीज थेट ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) जाणारी चुकीची वाट, असला की अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो.

आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. हे कधीही विसरू नका. मग मल्टिमीटरने १९ व्होल्टची मुख्य लाइन तपासली. इनपुटच्या मॉस्फेटच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) पुढे, ग्राउंडशी रेझिस्टन्स जेमतेम ०.४ ओहम! चांगल्या बोर्डावर तिथे किलोओहममध्ये आकडा येतो.

त्या लाइनवर कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग) डझनावारी, सगळे समांतर जोडलेले. एक शॉर्ट झाला की मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. म्हणून बेंच सप्लायवरून (हवा तेवढा व्होल्टेज ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावरून) त्या लाइनला फक्त १ व्होल्ट दिला, म्हणजे शॉर्ट झालेला भाग तापेल. जास्त देणं धोक्याचं, कारण शॉर्ट प्रोसेसरच्या मॉस्फेटमध्ये असेल तर तोच व्होल्टेज थेट प्रोसेसरला जातो. बोर्डावर पटकन उडणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं आणि ते कुठे आधी सुकतं ते बघत बसलो. चार्जिंग आयसीजवळच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या चिपजवळच्या) एका इवल्याशा सिरॅमिक कपॅसिटरवरचं अल्कोहोल क्षणात उडालं. बाकी सगळीकडे ओलंच. गुन्हेगार सापडला!

हॉट एअरने (गरम हवेच्या झोताने) तो उचलला, परत मोजलं, शॉर्ट गायब. एका भंगार बोर्डावरून त्याच लाइनवरचा, तेवढ्याच आकाराचा कपॅसिटर काढून लावला. व्होल्टेज रेटिंग कमी असलेला इथे चालत नाही.

चार्जर जोडला, दिवा टिकला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन उजळली. ताईच्या प्रबंधाची फाइल जशीच्या तशी होती.