श्रावणबाळचे १,५०० रुपये पुरतात का? ग्रामसभेत बोलण्याआधी करायचा हिशेब

आधी कोणत्या पेन्शनबद्दल बोलायचे ते पक्के करा. निम्मा वाद इथेच भरकटतो. सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन आणि ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीतल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची) महिना किमान १,००० रुपयांची पेन्शन, या दोन्ही नोकरीशी जोडलेल्या आहेत. श्रावणबाळ ही ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १,५०० रुपये देणारी राज्याची योजना आहे. तिन्ही एका दमात मांडल्या, की समोरचा सोयीची तेवढी उचलतो.

मग रकमेची फोड करा. दारिद्र्यरेषेखालच्या ६५ ते ७९ वयाच्या लाभार्थ्याला इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन योजनेतून केंद्राचे २०० मिळतात, वर राज्य १,३०० घालते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नसलेल्यांचे पूर्ण १,५०० राज्याचेच. दोन्हीकडे बेरीज सारखी ठेवलेली असल्यामुळे केंद्राने वाटा वाढवला तर राज्य आपला तेवढाच कमी करू शकते. म्हणून ‘केंद्राने वाढवावे’ एवढीच मागणी अपुरी आहे. ‘राज्याचा हिस्सा घटणार नाही’ हेही ठरावात लिहून घ्या.

महागाईचा हिशेब औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर करता येतो. केंद्राचे २०० रुपये २००७ पासून तेच आहेत. त्या वर्षी निर्देशांक सरासरी १३१ च्या आसपास होता (पाया २००१, म्हणजे त्या वर्षीच्या किमती १०० धरून). डिसेंबर २०२४ चा १४३.७ आहे, पण तो २०१६ च्या पायावर. हे आकडे नुसते शेजारी ठेवले तर महागाई जेमतेम १० टक्के दिसते, आणि भाषणांत हे सर्रास घडते. आधी १४३.७ ला २.८८ या जोड-गुणकाने, म्हणजे नवा आकडा जुन्या पायावर आणणाऱ्या संख्येने, गुणा: सुमारे ४१४. त्याला १३१ ने भागले की ३.१६ येतात. म्हणजे तेव्हाच्या २०० ची किंमत राखायला सुमारे ६३० रुपये लागतात. हा निर्देशांक शहरी कामगारांचा आहे, हे स्वतःहून सांगा. नाहीतर समोरचा त्यावरच बोट ठेवेल.

गावात मात्र मजुरीचे माप लवकर पटते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर ३१२ रुपये आहे. १,५०० म्हणजे पाच दिवसांची मजुरीही नाही.

रकमेपेक्षा जास्त अन्याय उत्पन्नाच्या अटीत आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंतच चालते, म्हणजे महिना १,७५०. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने वृद्धांना महिना २,१०० रुपयांचे आश्वासन दिले. त्याचे वर्षाला २५,२०० होतात, म्हणजे पात्रतेच्या उत्पन्नापेक्षा मदतच मोठी. मर्यादा न वाढवता रक्कम वाढली, तर बाहेर राहिलेला म्हातारा बाहेरच राहतो.

तालुक्याचे आकडे तहसील कार्यालयातून माहिती अधिकारात मागवा. शुल्क १० रुपये. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. वर्षभरात आलेले अर्ज, कारणांनुसार नामंजूर झालेले अर्ज आणि दर महिन्याला रक्कम खात्यात जमा झाल्याची तारीख, एवढेच विचारा.