शब्दकोड्यातली ऐतिहासिक माणसं: या चुका टाळा

शब्दकोड्यात ऐतिहासिक व्यक्तीचा क्लू आला की बरीच मंडळी तो अर्धाच वाचतात. 'पानिपत' दिसलं की पेन टेकलंच. अशी कोडी इतिहास कच्चा असल्यामुळे फारशी अडत नाहीत, घाईमुळे अडतात. आणि दर वेळी त्याच त्या चुकांवर अडतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ओळखीचा शब्द पकडायचा आणि नातं सोडून द्यायचं. आमच्या वाचनालयात कॉलेजचा एक मुलगा येतो. हुशार आहे, पण हातात कायम बॉलपेन. एकदा आडवा क्लू होता, 'पानिपतावर कामी आलेला पेशवेपुत्र', घरं पाच. यानं लगेच 'भाऊसाहेब' लिहून टाकलं. भा-ऊ-सा-हे-ब, पाच घरं भरली. पण सदाशिवरावभाऊ हे चिमाजी अप्पांचे चिरंजीव, म्हणजे नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ. पेशव्यांचा पुत्र विश्वासराव. वि-श्वा-स-रा-व, तीही पाचच!

पुढे जे झालं ते अजून वाईट. मधल्या घरातून जाणारा उभा क्लू होता, 'सैन्याचा दाणागोटा'. उत्तर 'रसद'. पण मध्ये 'सा' बसलेला, म्हणून यानं 'प्रसाद' लिहिलं, खायलाच तर देतात म्हणून. शेवटच्या घरातून खाली 'चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेला किल्ला' होता. वसई त्याला चांगली ठाऊक होती. तरी वर 'ब' आहे म्हणून त्यानं 'बसई' लिहिलं, आणि इंग्रज बसीन म्हणायचे, मग बसई चालेल, असं मलाच समजावलं. स्वतःला पक्कं माहीत असलेलं उत्तर चुकीच्या शब्दासाठी वाकवायचं, हे मला बघवत नाही. एकाच शब्दापाशी दोन उभे क्लू कुरकुर करायला लागले की तो आडवा शब्द सरळ खोडून टाका. त्यासाठी आधी तो पेन्सिलनं लिहिलेला हवा.

मी पुत्र, पुतण्या, थोरला, धाकटा, दत्तक हे शब्द आधी अधोरेखित करते आणि मगच घरं मोजते. 'शहाजीराजे आणि जिजाबाईंचा थोरला मुलगा', तीन घरं, असं आलं की किती जण 'शिवाजी' लिहितात! थोरले संभाजी. दोन्ही नावं तीन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी 'जी', त्यामुळे शेवटचं घर जुळलं तरी काहीच सिद्ध होत नाही. 'मराठ्यांचा सरदार आहे, शेवटी जी टाकून ठेवू' ही पळवाट मला म्हणूनच पसंत नाही. संताजी आणि धनाजी, दोघेही सेनापती, दोघेही तीन घरांचे. तिथे तो 'जी' काय कामाचा?

दुसरी चूक एकाच नावाच्या माणसांची. शाहू म्हटलं की आधी गादी बघा. १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला ते शाहू वेगळे, आणि १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे राजर्षी शाहू वेगळे. राजर्षींचं दत्तक जाण्याआधीचं नाव विचारलं तर सहा घरांत यशवंतराव बसतात. क्लूमध्ये साल दिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं. साल बघून शतक ठरवलं की निम्मे उमेदवार आपोआप गळतात. शक दिला असेल तर ७८ मिळवा. शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष.

किताब आणि मूळ नाव यांची गल्लत करू नका. नेसरीला पडलेले प्रतापराव गुजर मूळचे कुडतोजी, हंबीरराव मोहिते मूळचे हंसाजी.

जोडाक्षर एका घरात, अनुस्वारही त्याच घरात. लक्ष्मीबाई चारच घरं घेते.

जोतीराव की ज्योतिराव, हे उभा शब्द सुटेपर्यंत ठरवू नका.

मोबाइलवर उत्तर शोधणाऱ्यांशी माझं पटत नाही. अडलं की पहिल्या मिनिटाला फोन काढला तर घर भरतं, पण माणूस लक्षात राहत नाही, आणि तोच क्लू महिन्याभरानं शब्द फिरवून आला की पुन्हा फोन निघतो. त्यापेक्षा कोडं दुपारपर्यंत बाजूला ठेवा. मी भट पेशव्यांची आणि भोसल्यांची वंशावळ एका कागदावर लिहून वहीत ठेवली आहे. नवीन कोणी भेटलं की त्यात भर घालते. ती स्वतःच्या हातानं लिहिली पाहिजे, छापील कागद उपयोगाचा नाही.

नानासाहेबांच्या वडिलांबद्दल विचारलं तर मात्र निवांत राहा. बाळाजी बाजीरावांचे वडील थोरले बाजीराव, आणि १८५७ च्या नानासाहेबांचे दत्तक वडील दुसरे बाजीराव. घरं चार असतील तर दोन्हीकडे उत्तर एकच.