शिमग्यात उतरलेली बॅटरी

शिमग्यासाठी आमची होडी हर्णै बंदरात ५ दिवस उभी राहिली आणि परत आल्यावर स्टार्टरने नुसता ‘टक’ असा आवाज केला. बॅटरी बदलावी, असे तांडेलांचे (होडीच्या प्रमुखांचे) मत होते. परंतु चार्ज करून रात्रभर बाजूला ठेवल्यावरही तिने १२.७ व्होल्ट टिकवून धरले, तेव्हा दोष तिच्यात नव्हता.

मग वीज कुठे झिरपते ते पाहण्यासाठी मुख्य स्विच बंद करून ऋण टर्मिनलची वायर सोडवली आणि त्या दोहोंमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या पल्ल्यावर जोडला (या अवस्थेत स्टार्टर मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो). सर्व बंद असूनही ०.९ अँपिअर, म्हणजे दिवसाला सुमारे २२ अँपिअर-तास जात होते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ दिवसांत उतरण्याचा हिशेब तिथेच जुळला. वायरलेस, जीपीएस आणि दिव्यांचे फ्यूज काढून काही फरक पडला नाही. तळातले पाणी उपसणारा पंप मात्र, होडीवर कोणी नसतानाही चालावा म्हणून, मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीला जोडलेला असतो. त्याचा फ्यूज काढताच मीटर शून्यावर आला. पाणी चढले की तरंगून पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचच्या वायरींचे जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले, खाऱ्या पाण्यात बुडालेले आणि आतून हिरवे पडलेले निघाले; वीज तिथूनच पाण्यात झिरपत होती. मी कल्हई केलेली तांब्याची नवी वायर घातली आणि जोड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर घेऊन त्यांवर उष्णतेने आवळणारी, आतून गोंद असलेली नळी चढवली.