शस्त्रक्रियेनंतर पोट फुगले असता रुग्णाची शुश्रूषा

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर भूल आणि आतड्यांची झालेली हाताळणी यांमुळे त्यांची हालचाल मंदावते. लहान आतडे बहुधा पहिल्याच दिवशी, जठर एक-दोन दिवसांत, तर मोठे आतडे दोन ते तीन दिवसांत पूर्ववत होते. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखी वेदनाशामके चालू असल्यास हा काळ लांबतो. म्हणून सोबत राहणाऱ्याने रुग्णाने काय खाल्ले याइतकेच वारा केव्हा सरला हेही वेळेसह टिपून ठेवावे, कारण राउंडला येणारे डॉक्टर हेच विचारतात.

सर्वांत गुणकारी उपाय चालण्याचा आहे. परवानगी मिळताच रुग्णाला आधी कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडून बसवावे, घेरी येत नाही ना हे पाहावे आणि मगच उभे करावे. उठताना व खोकताना घडी केलेली चादर टाक्यांवर हलकेच दाबून धरल्यास कळ कमी लागते आणि चालण्याची भीतीही ओसरते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो. तोही चालण्याने व काही दिवसांत थांबतो. मळमळ होत असताना रुग्णाला उताणे ठेवू नये.

आहार डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच सुरू करावा: प्रथम घोट-घोट पाणी, मग भाताची पेज, मुगाच्या डाळीचे पाणी, आणि ते पचल्यावर मऊ खिचडी. खान्देशात भेटीला येणारी माणसे प्रेमाने डबा घेऊन येतात, पण शेवभाजी, भरीत-पुरी, कळण्याची भाकरी किंवा उडदाची डाळ या दिवसांत रुग्णापर्यंत पोहोचू देऊ नये. डबा सोबतच्यांनी संपवावा, म्हणजे कोणी दुखावतही नाही. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा शरीरातील पाणी कमी होऊन मलावरोध वाढतो. पातळ पदार्थ घेण्याची मुभा असल्यास ते थोडे-थोडे पण वारंवार द्यावेत. शौचासाठी कुंथू देऊ नये, आणि एरंडेल किंवा एनिमा स्वतःच्या मनाने तर मुळीच देऊ नये.

पोट ताठ होऊन वाढत गेले, हिरवी उलटी झाली, वारा व शौच दोन्ही अडले, ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला किंवा वेदना औषधानेही शमेना, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे आणि तोवर तोंडावाटे काहीही देऊ नये.