शकुंतलेच्या मांडणीवरची काळी माती भेगाळली तेव्हा

शकुंतला म्हणजे विदर्भातली अरुंद रुळांची, नॅरोगेज रेल्वे. तिचं छोटं मॉडेल मी १:८७ प्रमाणात मांडतोय, ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. रुळांकडेचं शेत आमच्याच वावरातल्या काळ्या मातीचं हवं, हा माझा हट्ट. थर्माकोलवर फेविकॉलमध्ये कालवलेल्या मातीचा जाड थर दिला. चौथ्या दिवशी ३ मिलिमीटरच्या भेगा! उन्हाळ्यात वावर असंच फाटतं खरं, पण या प्रमाणात ती भेग २६ सेंटिमीटरची होते.

काळी माती पाण्यानं फुगते, वाळताना आक्रसते. सगळा थर खरवडला. खाली प्लास्टर आणि लाकडाच्या भुशाचा लगदा लावून पूर्ण वाळू दिला, तपकिरी रंग दिला, मग पातळ फेविकॉल लावून वर फक्त वस्त्रगाळ माती भुरभुरली. शेवटी मातीवर सोडायचं पाणी: एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब विसरलात तर पाणी मातीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं.

आणि माती गाळण्याआधी तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक जरूर फिरवा. बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन चिकटतात. माझ्या चुंबकावर चांगली काळी लव उभी राहिली होती.

आता पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी लावतोय.