तासांचा तपशील: अमेरिकेच्या नर्सिंग परवान्यातील अडलेली पायरी

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका (आरएन) म्हणून काम करण्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परंतु त्या परीक्षेला बसण्याची परवानगी ज्या राज्यात अर्ज केला असेल तेथील नर्सिंग मंडळ देते, आणि माझा अर्ज नेमका तिथेच थांबला होता. गुणपत्रिकेत गुण होते, पण बालरोग, प्रसूती आणि मानसोपचार या विषयांत वर्गातील अध्यापन किती तास व रुग्णसेवेचे प्रात्यक्षिक किती तास झाले, हे वेगवेगळे नोंदलेले नव्हते.

उमेदवाराने स्वतः पाठवलेला तपशील परदेशातील नर्सिंग शिक्षणाचे मूल्यमापन करणारी संस्था ग्राह्य धरत नव्हती. म्हणून मी महाविद्यालयाला लेखी विनंती केली, माझ्या प्रवेशवर्षी लागू असलेला अभ्यासक्रम सोबत जोडला आणि जुन्या प्रात्यक्षिक नोंदवह्यांवरून विषयवार तक्ता करून मागितला. महाविद्यालयाने तो सही-शिक्क्यासह थेट संस्थेकडे पाठवल्यावर अर्ज पुढे सरकला. त्या नोंदवह्या इतकी वर्षे जपणाऱ्या कर्मचाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे.

परवाना आणि व्हिसा या मात्र दोन स्वतंत्र वाटा आहेत. १९९६च्या कायद्यानुसार परदेशी परिचारिकांना व्हिसासाठी शिक्षण, परवाना व इंग्रजी तपासून दिले जाणारे व्हिसास्क्रीनसारखे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. परिचारिकांचा व्यवसाय ‘शेड्यूल ए’ या मनुष्यबळाची टंचाई मानलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत असल्यामुळे नियोक्त्याला स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचे जाहिराती देऊन सिद्ध करावे लागत नाही. तरीही ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गातील प्रतीक्षा टळत नाही, म्हणून प्रमाणपत्राची मुदत आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारे, दरमहा निघणारे व्हिसा बुलेटिन मी एकत्रच तपासते.