परिषदेला जाताना अडलेली प्रकरणे सोबत न्यावीत

आर्थिक नियोजनकारांच्या परिषदेला जाण्यापूर्वी आपल्याकडे अडलेली दोन-तीन प्रकरणे, अशिलांची नावे वगळून, वहीत लिहून घ्यावीत; उदाहरणार्थ, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर विकताना इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) नफ्यावर १२.५ टक्के कर परवडेल की इंडेक्सेशनसह २० टक्के, हा एखाद्या निवृत्त दांपत्याचा प्रश्न. सत्रांची निवड त्यावरूनच करावी. वक्ता शुल्क घेणारा, सेबीकडे (भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे) नोंदणीकृत सल्लागार आहे की कमिशनवर काम करणारा वितरक, हे आधी पाहिल्यास त्याच्या शिफारशीचे वजन नीट जोखता येते. खरी शिदोरी मला नेहमी चहाच्या रांगेतच मिळाली आहे. म्हणून मधल्या सुट्टीत समव्यावसायिकांशी मोकळेपणाने बोलावे आणि त्याच रात्री प्रत्येक व्हिजिटिंग कार्डाच्या मागे संभाषणाचा विषय लिहून ठेवावा.